बोटीला ब्रेक कुठे असतो?

भंडाऱ्याहून कारध्याकडे जाताना वैनगंगेचा पूल लागतो. पुलावर थोडा वेळ उभे राहिले तर खाली मासेमारी करणाऱ्या ढिवरांचे डोंगे दिसतात. डोंगा थांबवायचा असेल तर डोंगेवाला काय करतो? पाणी उथळ असेल तर बांबू रेतीत रोवतो. खोल असेल तर वल्हे उलट मारतो, म्हणजे पाणी मागे ढकलण्याऐवजी पुढे ढकलतो. डोंग्याचा वेग फार नसतो, त्यामुळे दोन-तीन हातांत काम होते.

याच भागातल्या एका शाळेत बोलत असताना नववीतल्या एका मुलाने आम्हाला विचारले, "सर, सायकलीले बिरेक रायते, गाडीले रायते. मंग त्या फर्रकन जाणाऱ्या बोटीले कोठी रायते जी?" प्रश्न साधा वाटला, पण उत्तर द्यायला लागलो तेव्हा लक्षात आले की न्यूटनच्या तिन्ही नियमांची उजळणी करावी लागणार. आणि हा प्रश्न आता भंडाऱ्यात नुसता कुतूहलाचा राहिलेला नाही. पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्द धरणाचे पाणी मागे पार भंडारा शहरापर्यंत पसरले आहे. या जलाशयावर जलपर्यटन सुरू करण्याच्या प्रकल्पाचे भूमिपूजन २०२४ साली झाले. जलपर्यटन आले की वेगबोटी आणि जेट स्की येतातच, आणि त्या याच पाण्यावर डोंग्यांच्या आसपास धावतात.

वेगातली बोट ताब्यात न राहिली तर काय होते, ते त्याच वर्षी मुंबईत दिसले. १८ डिसेंबर २०२४ रोजी इंजिनाची चाचणी चालू असताना नौदलाच्या एका वेगवान बोटीवरचे नियंत्रण सुटले आणि ती घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली. १५ माणसे दगावली. हा दाखला जेट बोटीचा म्हणून नव्हे, तर पाण्यावर वेग मारणे (म्हणजे आवरणे) किती अवघड असते ते ध्यानात यावे म्हणून दिला.

रस्त्यावर मोटार थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणामुळे. पाण्यावर धरायला काहीच नाही. पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या बोटीत गिअर बदलून पंखा उलटा फिरवता येतो. पण वेगात असताना एकदम तसे केले तर गिअरच्या दात्यांवर भयंकर ताण येतो. जेट बोटीची युक्ती वेगळी आहे. तिच्यात इंजिनही उलटे फिरत नाही आणि पंखाही नाही.

जेट बोटीच्या तळाला जाळी लावलेले एक तोंड असते. त्यातून पाणी आत ओढले जाते, बंदिस्त नळातला पंखा त्याला जोर देतो आणि मागच्या अरुंद नळीतून ते फवाऱ्यासारखे बाहेर फेकले जाते. तळाखाली काहीच लोंबत नसल्याने ही बोट हातभर पाण्यातूनही जाते. न्यूझीलंडच्या उथळ नद्यांसाठी बिल हॅमिल्टन या शेतकरी-अभियंत्याने १९५४ च्या सुमारास ती व्यवहारात आणली. एडमंड हिलरी यांनी १९७७ साली अशाच तीन बोटी घेऊन बंगालच्या उपसागरापासून गंगेतून वर हिमालयाकडे मोहीम केली. त्या बोटींची नावे होती 'गंगा', 'किवी' आणि 'एअर इंडिया'. नंदप्रयागजवळच्या धबधब्याने त्यांना अडवले.

हॅमिल्टनची एक गोष्ट शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावी. आरंभी तो फवारा पाण्याखाली सोडत असे. नंतर त्याने नळीचे तोंड पाण्याच्या पातळीच्या जरा वर आणले, तर बोट अधिक वेगाने धावू लागली! फवारा मागच्या पाण्याला रेटतो म्हणून बोट पुढे जाते, असे पुष्कळ विद्यार्थ्यांना (आणि खरे सांगायचे तर आपल्यापैकीही काहींना) वाटते. मागच्या पाण्याला रेटण्याचा काही संबंध नाही. पाणी मागे फेकताना बोटीवर जी प्रतिक्रिया होते, तीच बोटीला ढकलते.

आता थांबण्याकडे वळू. फवाऱ्याच्या तोंडावर वरून खाली येणारी एक वक्र झडप असते. इंग्रजीत तिला बकेट म्हणतात. ती खाली आली की मागे जाणारे पाणी तिच्या खोबणीत शिरते, वळते आणि बोटीच्या तळाखालून तिरपे पुढे बाहेर पडते. पाणी पुढे गेले म्हणजे बोट मागे रेटली जाणार. विमान धावपट्टीवर उतरल्यावर एकाएकी मोठा घोंघाट होतो. तिथेही इंजिनाची हवा अशीच पुढे वळवलेली असते.

इथे हुशार विद्यार्थी एक शंका काढतो. बोटीचाच फवारा बोटीच्याच झडपेवर आपटतो, मग दोन्ही बले एकमेकांना खोडून टाकणार नाहीत का? शंका रास्त आहे. झडप सपाट असती आणि पाणी तिच्यावर आपटून बाजूंना उडाले असते, तर बोटीवरचे बल खरोखरच जवळजवळ शून्य झाले असते. झडप अर्धवट खाली आणून जेट बोट इंजिन चालू ठेवूनही जागच्या जागी उभी करतात, ती याच तत्त्वाने: थोडे पाणी मागे, थोडे पुढे. झडप वक्र असली की पाणी नुसते अडत नाही, ते उलटे फिरते. शेवटी बोटीतून बाहेर पडणारे पाणी कुठल्या दिशेला चालले आहे, एवढेच पाहावे. मधल्या वळणांचा हिशेब आपोआप होतो. पाणी तिरपेच का सोडतात? सरळ पुढे सोडले तर ते बोटीच्याच पाठीवर आदळेल आणि सगळी मेहनत फुकट जाईल.

आणखी एक बल इथे काम करत असते आणि ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. समजा, एक ढकलगाडी वेगाने चालली आहे आणि रस्त्याच्या कडेला उभी असलेली मुले तिच्यात एकेक दप्तर ठेवत आहेत. प्रत्येक दप्तर स्थिर होते, त्याला वेग द्यावा लागतो, म्हणून दर दप्तरागणिक गाडी मंदावते. जेट बोटही असेच नदीतले स्थिर पाणी आत घेत असते. पुढे जाताना हा तोटा असतो. पाणी मागे जोरात फेकून तो भरून काढावा लागतो. थांबताना मात्र तोच फायद्याचा ठरतो. गाडीत घेतलेले दप्तर पुढे भिरकावले तर गाडी दुप्पट मंदावणार.

हिशेब करून पाहू. आकडे सोयीसाठी घेतले आहेत. माणसांसह १००० किलोग्रॅमची बोट सेकंदाला १२ मीटर, म्हणजे ताशी ४३ किलोमीटर वेगाने चालली आहे. तिच्यातून सेकंदाला १५० किलोग्रॅम पाणी जाते आणि बोटीच्या मानाने ते २५ मीटर वेगाने बाहेर पडते. पुढे ढकलणारे बल १५० × (२५ − १२), म्हणजे १९५० न्यूटन. आता झडप खाली. पाणी तिरपे जात असल्याने पुढच्या दिशेचा वेग निम्मा, १२.५ मीटर धरू. मागे रेटणारे बल १५० × (१२.५ + १२), म्हणजे ३६७५ न्यूटन. पुढच्या बलाच्या जवळजवळ दुप्पट! आणि बोट थांबत आली की तेच १५० × १२.५, म्हणजे १८७५ न्यूटनवर येते. वेग जास्त तितका हा ब्रेक जोरदार, अशी गंमत आहे. सरासरी बल सुमारे २७७५ न्यूटन धरले तर मंदन २.८ येते, आणि v² = u² + २as वरून थांबण्याचे अंतर सुमारे २६ मीटर. बारावीच्या विद्यार्थ्यांनी कलनगणित वापरले तर २४ मीटर येईल. पाण्याचा विरोध यात धरलेला नाही; तो धरला तर अंतर आणखी घटते. पण चालकाला भान येऊन हात हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात बोट १२ मीटर पुढे गेलेली असते.

पाण्याचा विरोधही मिळवला तर पहिल्या क्षणीचे मंदन गुरुत्व त्वरणाच्या निम्म्याहून अधिक भरते. बसलेली माणसे पुढे फेकली जातात, नाक पाण्यात दबते, शेपूट उचलले जाते. त्यावर कडी म्हणजे, बोट थांबते पण तिने मागे उठवलेली लाट थांबत नाही. ती येऊन मागच्या काठावरून आत शिरू शकते. म्हणून सराईत चालक आधी इंजिन मंद करतो, मग झडप खाली घेतो आणि मग इंजिन पुन्हा वाढवतो.

या शेवटच्या पायरीत खरी अडचण आहे. जेट बोट थांबवायला इंजिन वाढवावे लागते, आणि वळवायलाही. तिला सुकाणूची फळी नसते. फवाऱ्याची नळी डावी-उजवीकडे वळवूनच ती वळते. फवारा नाही तर वळण नाही. मोटारसायकल चालवणाऱ्या माणसाचा हात संकट दिसताच आपसूक ॲक्सिलरेटर सोडतो. जेट स्कीवर त्याने तसे केले आणि हँडल वळवले, तर ती हँडलाला न जुमानता सरळ पुढे घसरत जाते, थेट त्या अडथळ्याकडे. अनेक अपघात असेच घडले आहेत. समोर डोंगा आला तर ॲक्सिलरेटर थोडा धरून ठेवून वळायचे असते, हे पहिल्यांदा बसणाऱ्याच्या गळी उतरणे कठीण. पडल्यावर इंजिन बंद व्हावे म्हणून चालकाच्या मनगटाला दोरी बांधतात, ती हवीच. पण ती भलत्या वेळी ओढली गेली तर वळण आणि ब्रेक दोन्ही एकदम जातात. जेट स्कीला कितीतरी वर्षे वेगात वापरण्याजोगा ब्रेकच नव्हता. सी-डू कंपनीने २००९ साली हँडलावरच्या दांडीने चालणारी अशी झडप आणली, तेव्हा कुठे ती सोय झाली. भाड्याने मिळणाऱ्या जुन्या जेट स्कीला ती असेलच असे नाही. बसण्यापूर्वी विचारून घ्यावे.

वैनगंगेपुरती एक वेगळीच काळजी आहे. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून आणि पुढे कन्हानमधून येऊन या पाण्यात मिसळते, आणि अशा खतावलेल्या पाण्यात जलपर्णी माजते. जेट बोटीच्या तळाची जाळी जलपर्णीच्या मुळ्यांनी आणि देठांनी तुंबली की आत येणारे पाणी घटते. वरच्या हिशेबात १५० च्या जागी ५० घालून पाहा: ३६७५ न्यूटनचे १२२५ उरतात. इंजिन मात्र तसेच गरजत असते, त्यामुळे नवख्याला कळतही नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी थर्माकोलची वीतभर होडी पुरे. तिच्यावर फुगा बसवा आणि त्याच्या तोंडाला शीतपेयाची वाकणारी नळी दोऱ्याने घट्ट बांधा. नळी मागे ठेवली की होडी पुढे जाईल. आता नळीच्या तोंडासमोर, होडीलाच चिकटवून, एक सपाट पुठ्ठा उभा करा आणि पाहा. मग पुठ्ठ्याच्या जागी अर्धा कापलेला प्लॅस्टिकचा चेंडू लावा, हवा होडीच्या दोन्ही बाजूंनी पुढे वळेल असा. होडी किंचित का होईना, मागे सरकली पाहिजे. सरकली नाही तर हवा कुठे निसटते ते ओल्या बोटाने तपासा. फुग्याच्या होडीत आणि खऱ्या जेट बोटीत एक मोठा फरक आहे: फुगा वाटेत हवा आत घेत नाही. मग आपल्या हिशेबातली कोणती संज्ञा गाळावी लागेल, हे विद्यार्थ्यांनाच विचारा, आणि त्यांनी दिलेली उत्तरे, चुकलेली असली तरी, आम्हाला कळवा.