घाम सुकण्याआधी

दिवाळीची सुट्टी संपते, पण आमच्या वर्गातली काही मुले परत येत नाहीत. त्यांची नावे हजेरीपटावर असतात. मुले मात्र आईबापांबरोबर वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली असतात.

चारोटी नाक्यावर पैसा वाहताना दिसतो. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर रात्रंदिवस ट्रक, कडेला ढाबे, गॅरेज, टायरची दुकाने. याच डहाणू तालुक्यातल्या, ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. नाक्यावरून थोडे आत वळले की वारली पाडे लागतात. तिथे पावसाच्या भाताचे एकच पीक. भात निघाले की हाताला काम नाही.

सणाला घरात पैसा नसतो, तेव्हा भट्टीवाला किंवा त्याचा मुकादम उचल देतो. ती फेडायला सगळे कुटुंब भट्टीवर राबते. मजुरी हजार विटांच्या हिशेबाने. आठवड्याला मिळते ती फक्त खर्ची. पावसाळ्याच्या तोंडावर उचल आणि खर्ची वजा करून हिशेब होतो, तोही शेठच्या वहीत.

मागे जूनमध्ये सहावीतली एक मुलगी भट्टीवरून परतली. मी फळ्यावर हजाराच्या हिशेबाचे गणित घातले. तिने तोंडीच उत्तर दिले आणि म्हणाली, "बाई, आमच्या विटा मी मोजल्या होत्या. वहीत कमी निघाल्या."

याच भागात १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने वारली वेठबिगारीविरुद्ध उठले. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी देशभर बंद झाली. १९७७ मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. तरी ऐन गरजेच्या दिवशी रोख पैसा मुकादमाकडेच मिळतो, आणि माणूस पुन्हा बांधला जातो.

बंधू-भगिनींनो, हा दोष दुसऱ्यांचा म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आपल्यातही कुणाचे गॅरेज आहे, कुणाची वखार, कुणाची वाडी, कुणाची भट्टी. रमजानमध्ये आपण जकात काढतो, रेशन वाटतो. पण जकात हा मजुरीचा पर्याय नाही. मजुरी हा मजुराचा हक्क आहे. तो बुडवून दिलेल्या दानात बरकत कशी येईल? मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण मुलांना पाठ करायला लावतो. पूर्ण काम करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी स्वतः अल्लाह उभा राहील, असे बुखारी शरीफच्या हदीसमध्ये आहे. संपत्ती केवळ श्रीमंतांमध्येच फिरत राहू नये, हे सूरह हश्र सांगते, तर माप मारणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीन बजावते. विटांची मोजणी हेही मापच आहे.

करण्यासारखे पुष्कळ आहे. मजुराच्या हातात त्याची स्वतःची वही द्या आणि दर आठवड्याला मोजणी त्याच्यासमोर लिहा. अडचणीला पैसे द्यायचे तर कर्जे हसना म्हणून द्या, त्याच्या श्रमाला बांधू नका. मजुरांबरोबर मुले आली असतील तर जवळच्या शाळेत पोहोचवा. गावच्या शाळेचे शिक्षण हमी कार्ड दाखवले की त्यांचे शिक्षण पुढे चालू राहते.

आज रात्री जेवणाआधी घरात एकदा विचारू या: आपल्याकडे राबणाऱ्या कुणाचे पैसे द्यायचे राहिले आहेत का?