मेटल डिटेक्टरवाल्यांचे खुरपे कसे पारखावे?

मेटल डिटेक्टर हे यंत्र आपल्याकडे रेल्वे स्टेशनवर, विमानतळावर आणि मोठ्या सभांच्या दारात दिसते. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया या देशांत मात्र हजारो लोक सुट्टीच्या दिवशी हे यंत्र घेऊन शेतात, माळावर आणि समुद्रकिनारी फिरतात. यंत्राची थाळी जमिनीवरून फिरवायची, आवाज आला की खणायचे आणि जुने नाणे, बटण, अंगठी जे निघेल ते पाहायचे, असा हा छंद आहे. यंत्र महाग असते, म्हणून त्याची चौकशी सगळे करतात. खणायचे हत्यार मात्र पुष्कळ जण सर्वात शेवटी, उरलेल्या पैशांत घेतात. मग ते पहिल्याच दगडाला वाकते.

आम्ही कापडाच्या धंद्यातले, मग लोखंडाच्या हत्याराबद्दल का लिहितो, असे कोणी विचारील. माल कोणताही असो, पारखण्याची रीत एकच असते. शिवाय हे हत्यार म्हणजे आपल्या खुरप्याचा भाऊच आहे. आपल्या वाचकांत भट्टीवर बसणारे कारागीर आहेत आणि हार्डवेअर विकणारे दुकानदारही आहेत. बाहेरचे गिऱ्हाईक या वस्तूत नेमके कशाचे पैसे मोजते, हे त्यांना कळले तर फायदाच आहे.

हत्याराचे रूप

या छंदातले नेहमीचे हत्यार एक हात लांबीचेही नसते. पाते साधारण सात इंच, मुठीसह एकूण लांबी बारा इंचांच्या आसपास, रुंदी दोन इंचांच्या आत-बाहेर. पात्याला पन्हळीसारखा थोडा खोलगट आकार असतो. एका कडेला मुळे कापण्यासाठी करवतीसारखे दाते असतात आणि दुसरी कड साध्या धारेची असते. अमेरिकेतील ‘लेशे’ नावाचे हत्यार या वर्गात फार प्रसिद्ध आहे. जपानमध्ये ‘होरी-होरी’ नावाचे जुने हत्यार रानातील रोपे खणण्यासाठी वापरतात. जपानी भाषेत ‘होरू’ म्हणजे खणणे. हे हत्यारही आता डिटेक्टरवाल्यांच्या कमरेला दिसते.

लांबी एवढीच का, याला कारण आहे. नाण्यासारख्या लहान वस्तूचा आवाज साधारण यंत्र बहुधा सहा-आठ इंचांपर्यंतच पकडते. त्याहून लांब पाते केले तर वजन वाढते आणि मनगट थकते.

मान पाहा

मूठ आणि पाते जिथे मिळतात त्या जागेला आम्ही मान म्हणू. हत्यार तुटते ते बहुतेक वेळा इथेच. पाते जमिनीत पूर्ण रुतवून आपण मूठ मागे ओढतो तेव्हा ते हत्यार पहारीसारखे, म्हणजे तरफेसारखे काम करते. सर्वात जास्त ताण जमिनीच्या पातळीवर येतो, आणि पाते पूर्ण आत असताना त्या पातळीवर नेमकी मानच असते.

स्वस्त मालात पातळ पाते आणि मुठीची नळी यांना वेल्डिंगचे दोन-चार टाके मारलेले असतात. टाका दिसायला पक्का वाटतो. पण वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूच्या पोलादाला दिलेले पाणी उतरते. त्यामुळे टाका टिकला तरी त्याच्या शेजारचा भाग मऊ पडतो आणि तिथून पाते वाकते. दुसरा प्रकार प्लॅस्टिकच्या मुठीचा. पात्याची जेमतेम दीड-दोन इंच शेपटी मुठीत खुपसलेली असते. चार दिवस काम केले की मूठ हलू लागते आणि एक दिवस हातात मूठ राहते, पाते जमिनीत.

सर्वात चांगले हत्यार म्हणजे पाते, मान आणि मुठीचा गाभा एकाच पोलादातून घडवलेले. ते नसेल तर शेपटी मुठीच्या शेवटापर्यंत गेलेली असावी आणि आरपार रिव्हेट मारलेले असावेत. वेल्डिंग असेलच, तर ते चहूबाजूंनी अखंड असावे आणि त्यानंतर संपूर्ण हत्याराला पुन्हा पाणी दिलेले असावे.

पोलाद आणि त्याचे पाणी

नामांकित अमेरिकन हत्यारांत क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेले पोलाद वापरतात. त्याचा ४१३० हा प्रकार विमानांच्या सांगाड्यासाठीही वापरला जातो. त्यात कार्बन सुमारे ०.३० टक्के असतो. एवढ्या पोलादाला योग्य पाणी दिले की ते वाकून परत सरळ होते, तडकत नाही. आपले लोहार ट्रकच्या कमानीचा पाटा घेऊन जी हत्यारे करतात त्या पोलादात कार्बन जास्त असतो. ते उत्तम धार धरते, पण पाणी कडक राहिले तर दगडावर तुकडा उडतो.

म्हणून खरे कसब भट्टीत आहे. पोलाद लाल तापवून तेलात बुडवले की ते काचेसारखे कडक आणि काचेसारखेच ठिसूळ होते. त्याला पुन्हा हलकी आच द्यावी लागते. घासून स्वच्छ केलेल्या पोलादावर त्या वेळी रंग चढतात. सुमारे २२५ अंश सेल्सिअसला वाळल्या गवतासारखा पिवळा, २८० च्या सुमारास जांभळा, ३०० च्या आसपास निळा. पिवळ्यावर थांबवलेले पोलाद धारेच्या चाकूला ठीक. खणायच्या, ताण सोसायच्या हत्याराला निळ्यापर्यंत न्यावे लागते. हे ज्ञान आपल्या जुन्या कारागिरांच्या डोळ्यांत आहे. घाईच्या मालात हीच पायरी गाळली जाते, कारण ती गिऱ्हाइकाला दिसत नाही.

स्टेनलेस स्टीलबद्दल एक गैरसमज आहे. न गंजणारे म्हणजे मजबूत, असे लोक धरून चालतात. भांड्यांचे ३०४ जातीचे स्टेनलेस पाणी देऊन कडक होतच नाही. त्याचे पाते जाड ठेवले तरच चालते. ४२० जातीचे कडक होते, पण ३०४ इतका गंज रोखत नाही. खाऱ्या वाळूत काम असेल तर स्टेनलेस बरे. शेतातल्या मातीसाठी चांगले साधे पोलाद घ्यावे आणि काम झाल्यावर पुसून तेलाचा हात द्यावा.

पात्याच्या खोलगट आकाराचेही मोल आहे. सपाट पत्रा हाताने वाकतो, तोच पत्रा पन्हळीचा केला की छपराचा भार घेतो. त्याच नियमाने खोलगट पाते कमी लोखंडात जास्त ताण सोसते.

मूठ, म्यान आणि रंग

माणूस दिवसात पन्नास-साठ वेळा गुडघ्यावर बसून खणतो. मूठ गोल गुळगुळीत असेल तर ओल्या हातात फिरते. पुढे बोटांना अडवणारी आड असावी, नाहीतर जोर लावताना हात घसरून दात्यांवर जातो. मुठीचा रंग भडक, लाल किंवा केशरी असावा. हिरवी मूठ गवतात ठेवली की हरवली.

म्यान पाहिजेच, आणि ते दात्यांनी फाटणार नाही अशा जाड कापडाचे किंवा चामड्याचे असावे. त्याला अडकवण्याचा पट्टाही हवा. आमच्या धंद्याचा भाग इथे येतो. साध्या कॅनव्हासची शिलाई दोन महिन्यांत उसवते. जाड नायलॉनचे विणकाम, कडेला दुहेरी शिलाई आणि टोकाला रिव्हेट हवा. कोणत्या बाजूला दाते आहेत हेही पाहावे. डाव्या हाताच्या माणसाला उजव्या हाताचे हत्यार उलटे पडते.

जशी जमीन तसे हत्यार

हिरवळीवर हे छोटे हत्यारच योग्य. तिथे तीन बाजूंनी माती कापून चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवतात, गवताचा तुकडा उलटतात, खालची माती फडक्यावर काढतात आणि शेवटी सगळे जिथल्या तिथे दाबून बसवतात. असे केले तर गवत मरत नाही आणि मालक पुन्हा येऊ देतो. नांगरलेल्या चिकण शेतात लहान हातकुदळ किंवा फावडे लवकर काम करते. समुद्रकिनारी भोके असलेला लांब दांड्याचा डबा लागतो, त्यातून वाळू गळते आणि अंगठी राहते. एकच हत्यार सगळीकडे चालेल असे सांगणारा दुकानदार माल खपवतो आहे, असे समजावे.

दुकानातील परीक्षा

खळ दिलेले कापड दुकानात जाड वाटते, पहिल्या धुण्यात त्याचे खरे रूप दिसते. हत्यारावरचा रंग आणि चकाकी म्हणजे खळच. म्हणून इतके करावे:

१. मूठ घट्ट धरून पाते हलवून पाहावे. किंचितही खडखडाट नको.

२. अखंड पोलादाचे हत्यार असेल तर ते सैल धरून बोटाने टिचकी मारावी. आवाज स्वच्छ घुमावा. भद्द आवाज आला तर कुठेतरी सांधा सैल किंवा भेग असू शकते.

३. टोक लाकडी फळीवर टेकवून बेताने भार द्यावा. पाते थोडे लवून परत सरळ व्हावे. लवलेले तसेच राहिले तर पाणी नाही.

४. दुकानदाराची परवानगी घेऊन कडेवर बारीक कानस फिरवावी. कानस नुसती घसरली तर पोलाद फार कडक आहे, तडकेल. लोण्यासारखी चालली तर मऊ आहे. थोडा जोर लावून चावली तर बरोबर.

५. मानेवरचा रंग नीट पाहावा. जाड थर असेल तर खाली टाके लपले आहेत का, हे विचारावे.

हात कुठे थांबवावा

चांगल्या हत्याराबरोबर जबाबदारीही येते. आवाजाच्या अगदी वर टोक खुपसले की नाण्यावर ओरखडा पडतो आणि त्याची किंमत कोसळते. तीन-चार इंच अंतर सोडून कापावे. युरोपात महायुद्धांतले न फुटलेले बॉम्ब अजून निघतात, म्हणून अनोळखी लोखंडावर घाव घालू नये.

१९९२ साली इंग्लंडमधील सफोक परगण्यात हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला. तो शोधायला एरिक लॉज हे गृहस्थ डिटेक्टर घेऊन गेले आणि त्यांना रोमन काळातील सोन्या-चांदीचा ठेवा लागला. थोडे खणल्यावर ठेवा मोठा आहे हे त्यांच्या लक्षात आले आणि ते थांबले. त्यांनी खबर दिली आणि पुढचे खोदकाम पुरातत्त्व खात्याच्या जाणकारांनी केले. त्यामुळे पेटीत कोणती वस्तू कशी मांडली होती हेही कळले. सुमारे पंधरा हजार नाणी निघाली. लॉज यांना साडेसतरा लाख पौंड मिळाले आणि ते त्यांनी शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हरवलेला हातोडाही सापडला आणि तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

इंग्लंडमध्ये असे पाते सार्वजनिक जागी विनाकारण बाळगणे १९८८ च्या कायद्याने गुन्हा आहे, म्हणून ते शेतात पोहोचेपर्यंत पिशवीत ठेवावे. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तर कलेक्टरला लेखी कळवावे लागते. संरक्षित स्मारकाच्या जागेत परवानगीशिवाय खणणे गुन्हा आहे. गुप्तधनाचे आमिष दाखवून यंत्र आणि हत्यारे विकणाऱ्यांपासून आपल्या बंधूंनी दूर राहावे.

कारागीर बंधूंसाठी

जालंधर, लुधियाना, नागौर इथली हातहत्यारे लांबवर जातात. खणायच्या या हत्याराला मोठा कारखाना लागत नाही. चांगला पाटा, आचेची नजर आणि कानस लागते. नमुना पाठवताना रंगरंगोटीवर खर्च करण्यापेक्षा एक हत्यार मधोमध कापून पाठवावे, म्हणजे मुठीत शेपटी कुठपर्यंत गेली आहे हे गिऱ्हाइकाला दिसेल. नमुन्याला एक आणि मालाला दुसरे पोलाद वापरू नये. पहिली ऑर्डर नमुन्यावर मिळते, दुसरी मालावर. खणणारा माणूस घरापासून लांब, एकट्या शेतात, तुमच्या हत्याराच्या भरवशावर गुडघे टेकून बसलेला असतो. मानेच्या आत तुम्ही काय घातले, हे तिथे त्याला पहिल्याच दगडाला कळते.