काब्रेटर टाइट केला म्हणजे ॲव्हरेज वाढतं?

“मेस्त्री, ॲव्हरेज पडलंय, जरा काब्रेटर टाइट करा.” शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या गॅरेजवर ही मागणी रोजचीच. मेस्त्री गाडी चालू ठेवतो, स्क्रूड्रायव्हरने अर्धा-पाऊण आटा फिरवतो, रेस देऊन बघतो आणि गिऱ्हाईक समाधानाने निघतं. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत दुचाकीने ये-जा करणारा कामगार, पहाटे कॅन लावून डेअरी गाठणारा दूधवाला यांच्या घरखर्चात पेट्रोलचा वाटा मोठा असतो. रोज ४० किलोमीटर म्हणजे महिन्याचे २६ दिवस धरून हजारावर किलोमीटर. गाडी लिटरला ६०ऐवजी ५० देऊ लागली की महिन्याला साडेतीन लिटर जास्त जातं. पेट्रोल शंभरीच्या पुढे असताना ही रक्कम साडेतीनशेच्या वर जाते. म्हणून तो स्क्रू नेमकं काय करतो, हे नीट कळायला हवं.

सगळ्यात पक्का बसलेला समज असा की, हा एक स्क्रू म्हणजे गाडीच्या सगळ्या पेट्रोलचा नळ. तसं नाही. काब्रेटरमध्ये पेट्रोलच्या वाटा वेगवेगळ्या असतात आणि मूठ किती पिळली आहे, त्यावर कोणती वाट कामाला लागेल ते ठरतं. मूठ सोडलेली असताना किंवा जेमतेम पिळलेली असताना स्लो जेट आणि हा मिक्स्चर स्क्रू काम करतात. साधारण पाव ते पाऊण मुठीपर्यंत स्लाइडला लावलेली निमुळती पिन पेट्रोल ठरवते. त्याहून पुढे मेन जेट. शिरूरहून रांजणगावला नगर रस्त्याने पन्नासच्या वेगाने जाताना गाडी बहुतांशी पिनवर चालत असते. स्क्रू अर्धा आटा फिरवल्याने त्या वाटेवरच्या पेट्रोलमध्ये फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो सिग्नलला, फाटकाशी, बाजारात गाडी चालू ठेवून उभं राहिल्यावर.

जास्त आवळला तर उलटंच होतं. गाडी स्लोवर टिकत नाही, म्हणून मेस्त्री स्लोचा स्क्रू वर घेतो. आता उभ्या गाडीचं इंजिन गरजेपेक्षा जोरात फिरतं आणि वाचवायचं होतं तेच पेट्रोल तिथे जाळतं. थंडीच्या सकाळी चोक जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो, आणि चोक लावलेला असताना पेट्रोल सर्वांत जास्त जातं. मूठ पिळताच गाडी अडखळते, मग चालवणारा आणखी पिळतो, एक गिअर खाली घेतो. पेट्रोल वाचवायला केलेला उपाय अशा रीतीने पेट्रोल खातो.

शिवाय ‘आत फिरवला की पेट्रोल कमी’ हेही सगळ्या गाड्यांना लागू नाही. स्क्रू स्लाइडच्या अलीकडे, एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा. तो आत घेतला की हवा कमी होते, म्हणजे मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. तो स्लाइडच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला असेल तर आत घेतल्यावर पेट्रोल कमी होतं. म्हणजे काही गाड्यांवर ‘टाइट करा’ या सांगण्याचा परिणाम नेमका उलटा. आणि कुठलाही असो, तो जोर लावून आवळू नये. त्याचं टोक सुईसारखं असतं. ते बसकं झालं किंवा त्याची जागा खराब झाली की पुढे गाडी कधीच नीट सेट होत नाही, काब्रेटरच बदलावा लागतो.

मिश्रणात पेट्रोल थोडं कमी केल्याने बचत होते, यात मात्र तथ्य आहे. एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. जास्तीत जास्त ताकद हवी असेल तर हवेचं प्रमाण साडेबारा-तेरापर्यंत उतरवावं लागतं, आणि जास्तीत जास्त ॲव्हरेज मिळतं ते साडेपंधरा-सोळाच्या आसपास. पण १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली तेव्हापासून आपल्याकडच्या शंभर सीसीच्या गाड्या ॲव्हरेजवरच विकल्या जातात. कंपनीने त्यांचे जेट आणि पिन आधीच कमी पेट्रोलकडे झुकवून ठेवलेले असतात. त्यापलीकडे नेलं की ज्वाला मंदावते, मधूनच फायरिंग चुकतं आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर जातं.

आपल्या गाडीच्या स्लोवर पेट्रोल खरंच जास्त येतंय का, हे पीयूसीच्या कागदावर छापलेलं असतं, आणि तो कागद कुणी वाचत नाही याचं मला वाईट वाटतं. ही तपासणी इंजिन स्लोवर असतानाच होते. एप्रिल २००० नंतरच्या, बीएस-४च्या आधीच्या चार-स्ट्रोक दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा साडेतीन टक्के आहे. आकडा त्या मर्यादेला टेकला असेल तर स्क्रूला हात लावण्यात अर्थ आहे. आकडा मुळातच कमी असेल तर स्लोवर कापण्यासारखं पेट्रोलच नाही. पांढरा पडलेला प्लग हीही शाबासकी नव्हे. तो पेट्रोल कमी पडत असल्याची, इंजिन तापत असल्याची खूण असू शकते. बिस्किटी रंग बरा.

आता इथेनॉलकडे येऊ. भीमा आणि घोड नद्यांच्या काठचा हा ऊसपट्टा, त्यामुळे इथे या विषयावर तावातावाने बोललं जातं. ‘पेट्रोलमध्ये पाणी घालतात, म्हणून ॲव्हरेज गेलं’ असं अनेकजण म्हणतात. इथेनॉल म्हणजे पाणी नाही, तेही जळतं. पण एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं घटतं ही गोष्ट खरी. २०२१च्या नीती आयोगाच्या आराखड्यात १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या दुचाकी २० टक्क्यांवर चालवल्यास ३ ते ४ टक्के घट होईल, असा अंदाज दिला आहे. म्हणजे साठ देणारी गाडी अठ्ठावन्नवर येईल. ती पंचेचाळीसवर आली असेल तर दोष इथेनॉलचा नाही, गाडीत दुसरीकडे शोधायला हवा.

इथेच स्क्रू आवळण्याची सवय अधिक घातक ठरते. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, दर ग्रॅमला नऊ ग्रॅमच. काब्रेटरला मात्र आत काय आलं ते कळत नाही, तो जुन्याच मापाने इंधन सोडतो. त्यामुळे जुन्या गाडीत मिश्रण आपोआपच कमी इंधनाचं झालेलं असतं. त्यावर आणखी आवळायचं म्हणजे भुकेल्याचं ताट ओढून घेण्यासारखं आहे. अशा गाडीची पिकअप गेली असेल तर स्लोवरचं मिश्रण थोडं वाढवूनच ती सुधारते. इथेनॉल हवेतली ओलही ओढतं. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर फ्लोटच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून वाटी रिकामी करावी, नाहीतर तळाशी पाणी आणि चिकटा साचतो.

मग ॲव्हरेज जातं कुठे? आपल्या भागात पहिलं नाव धुळीचं घ्यावं लागेल. गाळप हंगामात शिरूर-न्हावरे-चौफुला रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी चालवली की किती धूळ उडते, हे कपड्यांवर दिसतं. तीच धूळ एअर फिल्टरमध्ये बसते. फिल्टर चोंदला की काब्रेटरच्या नळीत ओढ वाढते आणि जेटमधून पेट्रोल जास्त खेचलं जातं. प्लग काळा पडतो, सायलेन्सर काजळतो, आणि मेस्त्री म्हणतो, “पेट्रोल जास्त येतंय, आवळू या.” खरा दोष सीटखालच्या किंवा बाजूच्या डब्यात तसाच राहतो. फोमचा फिल्टर रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, इंजिन ऑइलमध्ये बुडवून पिळून बसवता येतो. कागदी फिल्टर धुवायचा नसतो. धुतला की त्याचे धागे फुगतात. तो झटकावा आणि वेळेवर बदलावा. हंगामात कंपनीच्या पुस्तकातल्या मुदतीची वाट पाहू नये.

दुसरं, टायरची हवा. दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन आणि मागच्या चाकात कमी हवा, हे रोज दिसतं. तिसरं, घासत राहणारा ब्रेक. गाडी मधल्या स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवलं की चटकन कळतं. आणि वेग. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून साठऐवजी ऐंशीने गेलात तर तो जवळपास पावणेदोन पट होतो. सोलापूर हायवेवर यवत ते पाटस रोज ऐंशीने जाणाऱ्याला कोणताही मेस्त्री ॲव्हरेज देऊ शकणार नाही.

लहान जेट टाकून घेण्याचा उपाय तर करूच नये. मेन जेट लहान केला की पूर्ण मुठीवर, ओझं घेऊन चढ चढताना पेट्रोल अपुरं पडतं आणि पिस्टन तापतो. साफ करतानाही जेटच्या भोकात तार घालू नये. स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहून लहान असतं, तारेने ते जरासं मोठं झालं तरी माप गेलंच. हवेचा प्रेशर मारावा.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांमध्ये बहुतेक ठिकाणी काब्रेटर राहिलेलाच नाही. तिथे इंजेक्टर आहे, आणि सायलेन्सरच्या तोंडाशी बसवलेला सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजून पेट्रोलचं माप क्षणोक्षणी बदलतो. अशा गाडीला ‘आवळा’ म्हणणं निरर्थक आहे.

काब्रेटरच्या गाडीत क्रम असा ठेवावा: आधी फिल्टर, प्लग, टॅपेट आणि काब्रेटर ते इंजिन यांमधल्या रबराला चीर गेली आहे का ते पाहणं. मग चार-पाच किलोमीटर चालवून इंजिन गरम करावं. स्क्रू हलक्या हाताने आत टेकवताना आटे मोजावेत, मूळचं माप कागदावर लिहावं. कंपनीने सांगितलेल्या आट्यांपर्यंत तो बाहेर घ्यावा, तिथून पाव-पाव आटा इकडे-तिकडे फिरवत इंजिन सर्वांत जोरात आणि एकसारखं कुठे फिरतं ते ऐकावं, आणि शेवटी स्लो पुन्हा खाली आणावा. फरक पडला का, हे रिझर्व्ह कधी लागतो त्यावरून ठरवू नका. टाकी फुल करा, किलोमीटर लिहा, नेहमीच्या वाटेने दोन-तीनशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा फुल करा आणि भागाकार करा. हा हिशेब मेस्त्रीकडे जाण्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा करायचा.