पडद्यावरचे कोटणीस आणि सोलापूरचे कोटणीस

व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ 1946 मध्ये पडद्यावर आला आणि चीनमध्ये जाऊन काम केलेल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव घराघरांत पोचलं. कथा ख्वाजा अहमद अब्बास यांची, संगीत वसंत देसाईंचं. नायक खुद्द शांताराम आणि चिनी पत्नीच्या भूमिकेत जयश्री. पुढच्या पिढ्यांना कोटणीस भेटले ते बहुतांशी याच चित्रपटातून. त्याचे उपकार मोठेच आहेत, पण त्याच्या झगमगाटात खरे कोटणीस झाकोळले, असं मला वाटतं.

चित्रपटातले डॉक्टर प्लेगवर उपाय शोधताना स्वतःच्या देहावर प्रयोग करतात. प्रत्यक्षात 9 डिसेंबर 1942 ला ते गेले ते अपस्माराच्या झटक्यांनी. वय अवघं बत्तीस. चीनमधल्या बेथ्यून रुग्णालयाचे ते प्रमुख होते आणि शस्त्रक्रियेवरचं पाठ्यपुस्तक लिहीत होते, ते अर्धंच राहिलं. मुलगा यिनहुआ जेमतेम साडेतीन महिन्यांचा होता. पडद्यावरच्या प्लेगपेक्षा मला ते अर्धवट पुस्तक जास्त चटका लावतं.

त्यांच्या राजकारणाकडे तर आपण पुरतं दुर्लक्ष केलं. ते गिरण्यांच्या सोलापूरचे. 1930 मध्ये इंग्रजांनी या शहरावर मार्शल लॉ लादला आणि 12 जानेवारी 1931 ला धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या स्वातंत्र्यसैनिकांना येरवड्यात फासावर चढवलं. तेव्हा कोटणीस विशीत होते. पुढे 1938 मध्ये जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनला काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं वैद्यकीय पथक पाठवलं. पुढच्या शिक्षणाचा बेत बाजूला ठेवून ते त्यात सामील झाले. पथकातले बाकीचे चौघे यथावकाश मायदेशी परतले; कोटणीस चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर राहिले आणि 1942 च्या जुलैमध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. पारतंत्र्यातल्या देशाच्या एका डॉक्टरानं विचारपूर्वक घेतलेली ही बाजू होती. तिला नुसती ‘सेवा’ म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

चीननं 1982 मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं, चित्रपटही केला. आपलं तिकीट 1993 चं. सोलापुरात भैय्या चौकातलं त्यांचं घर आता स्मारक आहे. शिक्षकांनी मुलांना तिथं जरूर न्यावं, चित्रपटही दाखवावा. पण त्याबरोबर मार्शल लॉची आणि त्या जुलैमधल्या सभासदत्वाची हकीकतही सांगावी.