आज संध्याकाळी काय केलंत?

नाशिकची खाद्यओळख विचारली की मिसळ, चिवडा, द्राक्षं आणि अलीकडे वाइन, एवढ्यावर यादी आटोपते. पण रात्री आठ वाजता घरोघरच्या ताटात यातलं काहीच नसतं. तिथे असते बाजरीची भाकरी आणि मेथीची गरगट, उडदाचं घुटं, हुलग्याचे शेंगोळे, मुगाची खिचडी, पिठलं, नाहीतर सकाळच्या उरलेल्या भाजीला दिलेली नवी फोडणी. जिल्ह्याला खऱ्या अर्थाने जगवतं ते हे जेवण, आणि तेच सगळ्यांत कमी नोंदलं गेलं आहे. रोजच्या या स्वयंपाकाची माहिती आणि त्याच्या आठवणी रांधणाऱ्यांनी एकमेकांना सांगणं, लिहून देणं, हा निवांत वेळचा विरंगुळा आहे असं मला वाटत नाही. शेती, पाऊस, टंचाई आणि घरातले श्रम यांचा असा पुरावा दुसरीकडे कुठेच सापडत नाही, आणि तो देवघेवीवाचून टिकतही नाही.

मराठीत पाककृतींची पुस्तकं काही कमी नाहीत. ‘सूपशास्त्र’ १८७५ साली छापलं गेलं, लक्ष्मीबाई धुरंधरांचं हजार पाकक्रियांचं ‘गृहिणीमित्र’ १९१० साली आलं आणि १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’. ओगल्यांनी केलेलं काम फार मोलाचं होतं. सासू-सुनेत, जावा-जावांत तोंडी चालणारा अंदाज त्यांनी वाटी आणि चमच्याच्या मापात बसवला, त्यामुळे आईपासून दूर संसार थाटलेल्या मुलींच्या हाताशी एक भरवशाचं माणूस आलं. पण पुस्तकात पदार्थ येतो, जेवण येत नाही. कोणत्या महिन्यात कोणत्या भाकरीबरोबर काय खायचं, एक माणूस अचानक वाढलं तर आमटी कशी पुरवायची, शिळ्या भाकरीचं काय करायचं, महिनाअखेरीला तेल कमी असताना कशाची भाजी निभते, हे सगळं पाककृतीच्या दोन ओळींच्या मधे राहून जातं. शिवाय या पुस्तकांतलं स्वयंपाकघर बहुतेक वेळा पांढरपेशा घरातलं. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आलं, तेव्हा मराठवाड्यातल्या दलित घरांतलं रोजचं अन्न किती काळ छापील पानाबाहेर ठेवलं गेलं होतं, हे अनेक वाचकांना पहिल्यांदा दिसलं. नाशिक जिल्ह्यापुरतं असं पुस्तक लिहायला बसलं तर साहित्याची वाण पडणार नाही.

शेंगोळ्यांचंच घ्या. हुलग्याच्या पिठात वाटलेला लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून ते घट्ट मळायचं, हातावर त्याची लांब वळी करून वेटोळं करायचं आणि फोडणी देऊन उकळलेल्या पाण्यात एकेक सोडायचं. शेंगोळे शिजता शिजता त्यांचंच पीठ सुटून रस्सा दाट होतो. वेगळी भाकरी थापायला नको, वेगळी भाजी नको, एका पातेल्यात घराचं जेवण होतं. हुलगा हलक्या रानात, कमी पाण्यावर येतो. दिवसभर शेतात राबून आलेल्या बाईजवळ सरपण थोडं आणि वेळ त्याहून थोडा, हे त्या एका पातेल्यात लिहिलेलं आहे. हेच सूत्र धरून जिल्हाभर फिरावं. इगतपुरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर पूर्वेकडच्या येवला-नांदगावला त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. त्यामुळे पश्चिमेकडे भात, आणि पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या डोंगरउतारांवर नागली, वरई, खुरासणी. पूर्वेला बाजरी. उत्तरेला बागलाण-कळवणच्या अहिराणी बोलणाऱ्या घरांत फुणके आणि कढी. सगळीकडचं ताट वेगळं आणि प्रत्येक ताटामागे जमिनीचं आणि पाण्याचं कारण. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं गेलं, तेव्हा शहरातल्या दुकानांत नागलीची बिस्किटं आली. नागलीची भाकरी न चिरता कशी थापायची, पिठाला उकड कितपत घ्यायची, हे मात्र सुरगाण्यातल्या बाईलाच विचारावं लागतं.

आठवणींची गोष्ट याहून गंभीर आहे. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा, १८६८ सालचा. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक आहे आणि पती नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर कोणाच्या हातचं खायचं आणि कोणाच्या हातचं नाही, या प्रश्नाने झालेली ओढाताणही आहे. जात म्हणजे काय, हे त्या पुस्तकात पाण्याच्या भांड्यावरून आणि चुलीवरून जितकं लख्ख कळतं तितकं ते मोठ्या ग्रंथांतून क्वचितच कळतं. १९७२च्या दुष्काळाचंही तसंच. किती कामं निघाली आणि किती मजूर होते याचे आकडे सरकारी दप्तरात आहेत. पण बाहेरून आलेल्या त्या लाल मिलो ज्वारीची भाकरी कशी लागायची, वाटपात मिळालेली सुकडी घरी कोणाच्या वाट्याला जायची, आणि आधी कोण जेवायचं, हे फक्त तेव्हा चुलीपुढे बसलेल्यांना ठाऊक. त्या वेळच्या तरुण सुना आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना विचारायला फार वर्षं उरलेली नाहीत.

यावर पहिला आक्षेप असा येतो की आता यूट्यूबवर सगळं आहे, मग लिहायचं कशाला? यात तथ्य आहे. खेड्यातल्या कितीतरी बायांनी आपली चूल मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर आणली, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण जास्त पाहिलं जातं तेच पुन्हा पुन्हा केलं जातं आणि साधं घुटं मागे पडून तर्रीवाला रस्सा पुढे येतो. आणि व्हिडिओ आपल्याला प्रश्न विचारत नाही. शेजारीण विचारते. “माझे शेंगोळे पाण्यात फुटतात” असं म्हटलं की ती “पीठ सैल झालं असेल, मूठभर कणीक घालून बघ” असं सांगते, वर आपल्याकडून लसणाचं प्रमाण ऐकून घेते. शेजारून आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, ही आपल्याकडची रीत या देवघेवीवरच उभी होती. वाटीतून नुसती भाजी जात नव्हती, ती कशी केली हेही पलीकडे पोचत होतं. बंद दारांच्या इमारतींत वाटी थांबली आणि तिच्याबरोबर ही विचारपूसही.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. घरच्या जेवणाचे गोडवे गायचे म्हणजे बाईला पुन्हा ओट्याशी बांधायचं, असं अनेक जणी म्हणतात आणि त्यांच्या म्हणण्याला आधार आहे. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनमोबदला काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, असं दिसलं. असं काम करणाऱ्या पुरुषांची मिनिटं ९७, आणि मुळात ते करणारे पुरुषच थोडे. म्हणूनच गोडवे गाऊ नयेत, नोंद करावी. आज कोणी रांधलं, किती वेळ लागला, भांडी कोणी घासली, शेवटी कोण जेवलं, हे पदार्थाच्या नावाशेजारी लिहिलं की त्या २९९ मिनिटांना चेहरा मिळतो. न बोलल्याने ते श्रम कमी झालेले नाहीत, नुसते दिसेनासे झाले आहेत. आणि रांधणारे म्हणजे फक्त बायका असं धरूनही चालायचं नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे, चौघांत एक खोली घेऊन राहणारे तरुण, स्पर्धा परीक्षेसाठी आलेली गावाकडची मुलं, ही सगळी रोज संध्याकाळी कुकर लावतात. त्यांना कोणी शिकवलेलं नसतं, फोनवर आईला विचारत ती शिकतात. त्यांच्या खिचडीलाही या देवघेवीत जागा हवी.

लिहून ठेवलं की चव गोठते, खरा स्वयंपाक बदलता असतो, असंही म्हटलं जातं. बदलता असतो हे खरंच. आपल्या ठेच्यातली मिरची आणि कुटातले शेंगदाणे दोन्ही मूळ अमेरिका खंडातले, ते इथे रुळायला शेकडो वर्षं गेली. पण तारीख घातलेली नोंद चव गोठवत नाही, त्या दिवशी काय होतं तेवढं सांगते. ब्रिटनमध्ये १९३७ साली ‘मास ऑब्झर्व्हेशन’ हा उपक्रम सुरू झाला आणि सामान्य माणसांकडून त्यांच्या साध्या दिवसाच्या नोंदी मागवल्या गेल्या. त्या काळचं रोजचं जगणं अभ्यासायला आज संशोधक त्याच कागदांकडे जातात.

नाशिकला हे अवघड नाही. इथलं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे. घराघरांतल्या फडताळात पडलेल्या, तेलाचे डाग पडलेल्या हस्तलिखित वह्यांसाठी तिथे एक कपाट ठेवता येईल. मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी तालुक्यातालुक्यांत विखुरलेले आहेत, त्यांना आपल्या गावच्या एका आठवड्याच्या रात्रीच्या जेवणाची नोंद हाच प्रकल्प देता येईल. पण संस्थांची वाट पाहत बसू नका. आज रात्री जेवण झाल्यावर एका कागदावर तारीख घाला, काय शिजलं, पीठ-डाळ कुठून आली, कोणी केलं, किती वेळ लागला आणि हे करायला कोणाकडून शिकलात तेवढं लिहा, आणि उद्या तो कागद शेजारच्या दारी नेऊन द्या. त्यांच्याकडे काल काय केलं होतं, तेही विचारून या.