रेशीम म्हणजे आधी पाला

"तुमच्या घरी खरंच किडे पाळतात?" हॉस्टेलवर आल्या आल्या रूममेटने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मित्रांनो, आमचं गाव जालना जिल्ह्यातलं. किडे पाळतो हे खरं, पण वर्षभराची मेहनत असते ती तुतीच्या पाल्यासाठी.

रेशीम अळीचं सगळं पोट तुतीवर. आमच्याकडे व्ही-१ जातीची तुती आहे. एकदा लावली की दहा-बारा वर्षं टिकते, छाटली की पुन्हा फुटते. अळी साधारण २५ दिवस खाते, चार वेळा कात टाकते, मग कोष विणते. त्यातला ८० टक्क्यांहून जास्त पाला शेवटच्या आठवड्यात फस्त होतो. आपल्या मेसची रविवारची फीस्ट आठवा! म्हणून आधी शेतातला पाला बघायचा, मगच अंडीपुंज आणायचे.

पाला ओला नको, धुळीचा नको आणि औषधाचा तर मुळीच नको. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या कपाशीवर फवारणी झाली. वाऱ्याने औषध तुतीवर आलं, बाबांना कळलंच नाही. कोष व्हायला चार दिवस उरले असताना निम्मी बॅच मेली. माझी फी त्याच पैशातून भरायची होती.

बाबा भांडले नाहीत. "कपाशी त्याचंही पोट आहे," एवढंच म्हणाले. आता शेजारचे काका फवारणीआधी फोन करतात आणि कपाशीकडच्या ओळींचा पाला आम्ही अळ्यांना घालत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत या. पाला कापायला माणसं कमीच पडतात. फक्त शेडमध्ये येताना हातपाय धुवा आणि डासांची कॉइल लावू नका!