मोबाइलमधली वाटणी

चाकणच्या कारखान्यात पहिला पगार झाला की पुष्कळ मुले स्मार्टफोन घेतात. खोक्यावर ‘६४ जीबी’ लिहिलेले असते, आणि फोन सुरू करताच त्यातली बरीच जागा आधीच भरलेली दिसते. दुकानदाराने फसवले, असे वाटते. पण ही फसवणूक नसते, वाटणी असते.

फोनमध्ये फिरणारी तबकडी नसते. असते ती फ्लॅश मेमरी, म्हणजे वीज गेली तरी लिहिलेले जपून ठेवणारी चिप. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी ती शोधली. आजच्या फोनमध्ये वापरतात तो ‘नँड’ प्रकार १९८७ मध्ये जगापुढे आला.

या चिपचे जे भाग पाडतात त्यांना पार्टिशन म्हणतात. फाळणी हा शब्द आपल्याला जड जातो. आपण वाटणीच म्हणू. निगडीचे प्राधिकरण आठवा. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. जमीन तीच राहिली, पण नकाशावर सेक्टर पडले. फोनमध्येही असा नकाशा असतो. कोणता भाग कुठून कुठपर्यंत, याची त्यात नोंद असते. फरक इतकाच, की हा नकाशा केवळ हिशेबाचा. फ्लॅशचा कप्पा ठरावीक वेळाच पुसता येतो. म्हणून चिपमधला नियंत्रक लिखाण सगळीकडे सारखे पसरवतो. नकाशावर सलग दिसणारा भाग प्रत्यक्षात विखुरलेला असतो.

आता वाटेकरी पाहू. ‘बूट’ भाग फोनला जागे करतो. ‘सिस्टीम’मध्ये अँड्रॉइड राहते, तो भाग आपल्याला वाचण्यापुरताच, लिहिण्यासाठी नाही. ‘रिकव्हरी’ अडचणीच्या वेळी उपयोगी पडते. उरलेला सर्वांत मोठा वाटा ‘युजरडेटा’, तो आपला. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून अनेक फोनांत सिस्टीमच्या दोन जागा ठेवण्याची सोय आली. एक चालू असताना दुसरीवर नवी आवृत्ती चढते. ती बिघडली तर फोन पहिलीवर परततो. दुसऱ्या पाळीचा माणूस मशिनवर उभा राहिल्याशिवाय पहिल्या पाळीचा हलत नाही, तसेच हे. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून ‘सुपर’ नावाचा मोठा भाग आला. त्यातल्या भिंती अपडेटच्या वेळी सरकवता येतात.

थोडा फरक मोजमापाचाही असतो. कंपनी हजाराने मोजते. तेच ६४ अब्ज बाइट १०२४ च्या मापाने मोजले, तर सुमारे ५९.६ भरतात.

हे सारे कशासाठी समजून घ्यायचे? फोन अडकू लागला की कोणी तरी सांगतो, ‘फॅक्टरी रीसेट मार.’ त्या बटणाने सिस्टीम जागेवर राहते. पुसला जातो तो युजरडेटा. गावाकडच्या आईचा रेकॉर्ड केलेला आवाज, लेकीचे फोटो, पगाराच्या पावत्या त्याच वाट्यात असतात. नव्या फोनांत हा मजकूर कुलूपबंद लिहिलेला असतो आणि रीसेटमध्ये त्याची किल्लीच नष्ट होते. मग तो कोणालाही परत काढता येत नाही. फोन विकणाऱ्याला हे सोयीचे, विसरणाऱ्याला महागाचे. मेमरी कार्ड मात्र बहुधा तसेच राहते; विकताना ते आठवणीने काढून घ्यावे.

म्हणून आधी हवे ते दुसरीकडे उतरवा, उघडून खात्री करा, मगच बटण दाबा. सिस्टीम बिघडली तर ती पुन्हा बसवून मिळते. युजरडेटा बनवणारा कारखाना कुठेच नाही.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)